कंगोऱ्यावरचा मजला

मित्रांनो, मी एक जुनी पेढी आहे. आज माझ्या दारावर विश्रामगृहाची पाटी आहे. त्याआधी तेथे चित्रपटगृहाची पाटी होती आणि त्याहीआधी बँकेची. परंतु वेष कितीही पालटला तरी जन्माचे नाव आतून पुसले जात नाही. माझा जन्म लोकरीच्या पेढीसाठी झाला. दूरदूरचे पाहुणे येतात, रस्त्यात थांबून मान वर करून मला न्याहाळतात, माझी छायाचित्रे घेतात. कोणी माझी स्तुती करू लागले की मला मात्र खाली पाहावेसे वाटते. कारण स्तुती करणारे सारे माझ्यासमोर उभे असतात. माझ्या पाठीमागे उभे राहून कोणी माझी स्तुती केल्याचे मला स्मरत नाही.

आमचे गाव दोन डोंगरांच्या मध्ये, खिंडीच्या पायथ्याशी वसलेले आहे. हिवाळ्यात सूर्य एका डोंगरामागून उशिरा वर येतो आणि दुसऱ्यामागे लवकर उतरतो. मधल्या काळात जे ऊन मिळते, त्यावर गावाचे सारे वाळवण, शेक आणि औषध चालते. माझे तोंड उन्हाकडे आहे. माझ्या पाठीशी रंगाऱ्याचे अंगण आहे. त्या अंगणात जे ऊन पोहोचते, ते माझ्या डोक्यावरून जाते. माझ्या आयुष्याची कथा म्हणजे या एवढ्या वाक्याचा विस्तार आहे.

मला बांधणारा व्यापारी डोंगरापलीकडून खेचरांवर येणारी कच्ची लोकर घेई. मागचा रंगारी ती धुई, रंगवी, आणि तिच्या लडी अंगणात वाळवी. माझे दोन मजले उभे राहिले, तेव्हा हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस होता. गवंड्याने माझ्या भिंतीवर आणखी एका मजल्याच्या उंचीचा वासा उभा केला आणि तो व्यापाऱ्याला आणि रंगाऱ्याला घेऊन मागच्या अंगणात सावली पाहावयास गेला.

"मालक, अजून एक मजला चढवू का?" गवंडी म्हणाला. "वरून खिंड दिसेल. खेचरं येताना आधीच कळतील."

"खेचरं आली की वासानंच कळतात, त्याला मजला कशाला?" व्यापारी म्हणाला. "ती सावली बघ कुठं आली. याचं अंगण झाकलं तर याची लोकर वाळायची कुठं? आणि ओली लोकर मी विकू कुणाला, माशांना?"

रंगाऱ्याने हात जोडले. व्यापाऱ्याने ते खाली केले. "उपकार नाहीत हे, बाबा. तुझं ऊन म्हणजे माझा माल."

मग गवंड्याने दुसऱ्या मजल्याच्या माथ्यावर सभोवार एक दगडी कंगोरा बसवला. लोक त्याला शोभा समजतात. ती शोभा नव्हे, ती मर्यादा होती. येथपर्यंतच, असे दगडात सांगून ठेवलेले होते. त्याने आणखी एक गोष्ट केली. माझ्या पोटातून एक बोळ ठेवला. अंगणात वाळलेली लोकर त्या बोळातून थेट पुढच्या तराजूपाशी येई. अक्रोडाच्या सालीचा तपकिरी, मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा गडद निळा, असे रंग खांद्यावर घेऊन माणसे माझ्यातून ये-जा करीत, आणि माझ्या आतल्या भिंतींना त्या रंगांचे पुसट बोट लागे. ते दिवस माझ्या आयुष्यातले निर्मळ दिवस होत.

पुढे मोटारींचा रस्ता झाला. गिरणीची लोकर खालून वर येऊ लागली. खेचरे थांबली. व्यापारी निवर्तला आणि त्याच्या मुलाने मला बँकेला भाड्याने दिले. बँकेला अधिक जागा हवी होती.

"पण वडिलांनी तो कंगोरा..." मुलाची आई म्हणू लागली.

"आई, तेव्हा आपण लोकर विकत होतो. आता आपला आणि लोकरीचा संबंध काय?"

माझ्यावर तिसरा मजला चढला. कमानदार खिडक्या, उतरते पत्र्याचे छप्पर, टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटले, ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मला हर्ष झाला. मला खिंड दिसू लागली. गावात माझ्याहून उंच काही नव्हते. उंच होण्याच्या त्या आनंदात मी मागे पाहिलेच नाही.

मग हिवाळा आला. रंगाऱ्याने नेहमीप्रमाणे लडी दोरीवर टाकल्या आणि तो उन्हाची वाट पाहत राहिला. ऊन माझ्या नव्या छपरापाशी अडले. सायंकाळी त्याने लडीला हात लावला, तर ती काठीसारखी कडक झाली होती. त्याने वर माझ्याकडे पाहिले. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. त्याने फक्त लडी गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी बोळातून पुढे आणून माझ्या दर्शनी कठड्यावर वाळत घातल्या.

या कामाला बँकेचा पहारेकरी आडवा आला. रंगाऱ्याची सून तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती आणि जिभेने तिखट होती.

"ओ ताई, ही बँक आहे, धोबीघाट नाही!"

"माहितीये हो दादा. लोकर काय तुमची तिजोरी फोडणार आहे?"

"वरून साहेब बघतात."

"बघू द्या की. साहेबांच्या अंगातला स्वेटर आभाळातून पडला का?"

पहारेकरी हसला आणि त्याने तोंड दुसरीकडे वळवले. काही दिवस तसेच चालले. पुढे वरून आज्ञा आली, आणि रोकड सुरक्षित राहावी म्हणून माझा बोळ दोन्ही बाजूंनी विटांनी बुजवला गेला. आता पुढच्या उन्हात यायचे, तर ओल्या लोकरीचे ओझे घेऊन माझ्या कोपऱ्यावरच्या उतारावरून वळसा घालावा लागे. त्या कोपऱ्यात माझ्याच सावलीमुळे ऊन कधी येत नसे, आणि माझ्याच पागोळ्यांचे पाणी तेथे साचून गोठत असे.

ती सून तेथे घसरली. ओझे अंगावर घेऊनच पडली. तिचे कमरेचे हाड नीट जुळले नाही, आणि त्या दिवसापासून ती लंगडत चालते. मी दगडांची आहे, मला सरकता येत नव्हते, एवढेच माझे समर्थन आहे. ते खरे आहे, आणि तरीही ते मला कधी पुरलेले नाही.

बँक नव्या इमारतीत गेली आणि माझ्यात चित्रपटगृह आले. तिकिटे देणारा मनुष्य मोठा मोकळा होता. दुपारचा खेळ सुरू होईपर्यंत तो कठड्यावर लोकर वाळू देई. एकदा एका गृहस्थाच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडा थेंब पडला आणि तो भांडावयास उठला.

"चित्रपट रंगीत आहे साहेब," तिकीटवाला म्हणाला. "तो रंग तिकिटातच धरलाय."

रांगेतली सारी माणसे हसली, तो गृहस्थही हसला, आणि लंगडत लडी गोळा करणारी ती सुद्धा हसली. त्या हास्यात मला क्षणभर माझा अपराध हलका झाल्यासारखा वाटला. पण तो हलका झाला नव्हता. चित्रपटगृह बंद पडले, विश्रामगृह आले, कठड्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या गेल्या आणि तेथे काही वाळत घालू नये, अशी सूचना लागली. मागच्या अंगणात रंगाच्या कढया उपड्या पडल्या. लंगडणारी सून आता म्हातारी झाली होती; सारे गाव तिला आजी म्हणे. तिचा मुलगा खालच्या शहरात गाडी चालवावयास गेला. घरात ती आणि तिची सूनबाई, एवढ्या दोघीच राहिल्या.

नंतर एका हिवाळ्यात बर्फ फार पडला. एका पहाटे माझ्या तिसऱ्या मजल्याचे छप्पर त्याच्या भाराने खचले. वर कोणी नव्हते, ही ईश्वराची कृपा. धोकादायक भिंती कंगोऱ्यापर्यंत उतरवल्या आणि वर तात्पुरते पत्रे टाकले. गाव हळहळले. मला मात्र आघातापेक्षा आश्चर्य अधिक वाटले, कारण पुढच्या हिवाळ्यात मागचे अंगण उजळले.

आजी पाट घेऊन बाहेर आली. तिने तोंड उन्हाकडे केले आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "सूनबाई, कढई उपडी का गं?"

"आता काय करायचंय तिचं?"

"लोकर वाळेल आता. चूल पेटव."

काम धरले. खालच्या विणकरांनी लडी मागवल्या, पुन्हा मागवल्या. मुलगा गाडी सोडून परत आला. घरात तिघांचा आवाज ऐकू येऊ लागला.

आणि इकडे समोर, माझ्याच दिवाणखान्यात, गावातल्या मंडळींनी माझ्या जीर्णोद्धारासाठी सभा भरवली. निवृत्त मुख्याध्यापिका अध्यक्ष होत्या. विश्रामगृहाचे व्यवस्थापक उत्साहाने बोलत होते.

"तिसरा मजला होता तसा उभा करू. वरून खिंड दिसते. पाहुणे खिंडीसाठीच येतात. आणि मूळ रूप जपणं हे आपलं कर्तव्यच आहे."

मूळ रूप! मी आतल्या आत तळमळले. माझे मूळ रूप कंगोऱ्याशी संपते, हे डोळ्यांनी पाहिलेला एकही मनुष्य जिवंत नव्हता. जी जाणत होती, ती मी, आणि मला वाणी नाही.

सभेसाठी बोलावलेल्या आताच्या गवंड्याने माझ्या भिंतींवर हातोडीने ठोकून पाहिले. "एक काय, दोन मजले चढवा. हत्ती बांधला तरी हलायची नाही."

सभेत आनंद झाला. आयुष्यात प्रथमच मला माझ्या भक्कमपणाची लाज वाटली. एखादी भेग असती, एखादा पाया खचलेला असता, तर किती बरे झाले असते!

सूनबाई उठली. "मजला झाला की आमचं ऊन गेलं. ऊन गेलं की काम गेलं, आणि काम गेलं की आम्ही तिघंही खाली शहरात जाणार. दुसरा रस्ता नाही."

"अहो वहिनी, सावली ती केवढी पडणार?" व्यवस्थापक म्हणाले. "थोडी इकडे तिकडे."

"आता सावली काय पिशवीत भरून आणून दाखवू का तुम्हाला?"

कामाचा आराखडा करणारी एक तरुण बाई कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "आणता येणार नाही. पण उभी करता येईल. सर्वांत लहान दिवशी वासे लावून कापड ताणू, मजल्याच्या उंचीचं. मग अंगणात जाऊन बघा आणि ठरवा."

मुख्याध्यापिका बाईंनी मान डोलावली. "निर्णय अंगणात होईल."

तो दिवस आला. गवंड्याने माझ्या कंगोऱ्यावर वासे उभे केले आणि कोऱ्या मांजरपाटाची लांब पट्टी त्यांना बांधली. सारी मंडळी मागच्या अंगणात जमली. नव्याने रंगवलेल्या लडी दोरीवर टपटपत होत्या. आजी पाटावर बसली होती. व्यवस्थापक पातळ कोट घालून लडींच्या शेजारी उभे होते.

"ओढा वर," मुख्याध्यापिका बाईंनी खूण केली.

कापड वर चढले. अंगणाच्या कडेवर सावली उमटली, ती दोरीवरून सरकत लडींवर आली, आजीच्या मांडीवर आली, तिच्या तोंडावर आली. लडींचा तांबडा रंग जणू कोणी पुसून घेतला. फक्त कुंपणापाशी उन्हाची एक चिंचोळी पट्टी उरली. गार वारा सुटला होता. मंडळी गळपट्टे सावरू लागली. व्यवस्थापकांनी हातावर हात चोळले, खांदे आखडले, आणि बोलण्यासाठी शब्द जुळवता जुळवता दोन पावले मागे घेऊन ते त्या उन्हाच्या पट्टीत जाऊन उभे राहिले. आपण सरकलो, हे त्यांच्या ध्यानीही आले नाही.

आजीच्या मात्र आले.

"साहेब, सरकलात ते बरं केलंत. थंडी आहेच," ती शांतपणे म्हणाली. "आता आमचं अंगण कुठं सरकवू, तेवढं सांगा."

व्यवस्थापकांनी आपल्या पायांकडे पाहिले. पायांवर ऊन होते. तिच्याकडे पाहिले. कोणी हसले नाही. शेवटी ते स्वतःच वर पाहून गवंड्याला म्हणाले, "उतरवा ते."

"आजच्यापुरतं, साहेब?"

"नाही. कायमचं."

मुख्याध्यापिका बाईंनी केवळ हात जोडले. कापड खाली आले आणि लडी पुन्हा तांबड्या झाल्या. आजी म्हणाली, "आणि ते कापड फेकू नका हो. इकडं द्या. कोरं आहे, रंगवून देते."

मित्रांनो, आज ते निळ्या रंगाचे कापड माझ्या दिवाणखान्याच्या खिडकीवर पडदा होऊन झुलते. लोक म्हणतात, माझी उंची गेली, पण मान राहिला. मला तसे वाटत नाही. जे ऊन मी इतकी वर्षे अडवले, ते एका हिवाळ्याने परत करता येत नाही. आजी अजूनही बाजारात जाताना माझ्या कोपऱ्यापाशी थबकते, भिंतीला हात टेकते आणि जपून पाऊल टाकते. ज्या भिंतीमुळे ती पडली, तिचाच तिला आधार घ्यावा लागतो. तिचा तळहात माझ्या दगडावर पडला की मला बोलता येत नाही, याचे दुःख सर्वांत अधिक होते.

म्हणून मला जपा, मला रंग द्या, माझी छायाचित्रे काढा, असे मी तुमच्याजवळ मागणार नाही. एवढेच मागते. माझ्यासमोर उभे राहून पाहणे झाले, की त्या उताराच्या कोपऱ्यावरून सावकाश वळा आणि माझ्या मागे जा. तेथे ऊन आहे ना, ते पाहा. उद्या तुम्ही मोठे व्हाल, काही उभारू लागाल, तेव्हाही आधी असेच मागे जाऊन पाहा. आणि तेथे पाटावर एक म्हातारी बसलेली दिसली, तर तिच्या उन्हाच्या आड उभे राहू नका.