आमचे हे दोरी झेलतात

आमच्या ह्यांच्या चांगुलपणापायी एक दिवस कुणाचा तरी जीव जाणार, हे मी कितीदा तरी सांगितलं. पण ऐकतंय कोण?

नदीवर बोटी वल्हवणाऱ्या हौशी मंडळींचा आमचा गट. रविवारी बोटीने खळाळातून उतरायचं, म्हणून शनिवारी पुलाखालच्या संथ धारेत सराव. एकाने बुडणाऱ्याचं सोंग घेऊन वाहत यायचं आणि काठावरच्याने दोरी भरलेली पिशवी त्याच्या अंगावर फेकायची. दोरीचं टोक आपल्या हातात धरून, बरं का! पिशवी वाहणाऱ्याच्या हाती लागली की फेकणारा पास.

बुडणारे नेहमी आमचे हेच. कॉलेजात गोलकीपर होते ना! पिशवी मागे पडो की पुढे, हे सूर मारून पकडणार. एकदा तर पायांत पकडली. काठावर टाळ्या. सगळे पास!

त्या शनिवारी माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दुसऱ्या दिवशी आमची लेक पहिल्यांदा खळाळात उतरणार होती, आणि सगळ्यात वाईट वळणाखाली दोरी घेऊन उभे राहणार होते आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. त्यांची पिशवी निघाली होती पार पलीकडच्या झुडपाकडे. ह्यांनी चार हात मारून ती गाठलीच.

"अहो, बुडणारा माणूस दोरीमागे पोहत जातो का?" हे काठावर आल्या आल्या मी ओरडले.

"जाऊ दे गं. डॉक्टर हिरमुसले असते."

"हिरमुसू देत! मरत नाही कोणी हिरमुसून!"

मी हेल्मेट चढवलं, जॅकेटचे पट्टे आवळले आणि वरच्या अंगाने पाण्यात शिरले. हात छातीशी, अंग सैल. गार पाण्यात बोटं वळेनाशी झालेल्या माणसासारखी. डॉक्टरांची पिशवी माझ्या बरीच मागे पडली. ते घाईघाईने दोरी ओढायला लागले, तोवर मी त्यांच्यासमोरून निघूनही गेले. करंगळीसुद्धा हलवली नाही मी.

आणि ह्यांनी काय करावं? मारली उडी! काठावरच्याने पाण्यात जायचं नाही, हा नियम हेच सगळ्यांना शिकवतात. येऊन मला अशी मिठी मारली की माझ्या नाकातोंडात पाणी. दोघं वाहत जाऊन खालच्या उथळ दगडांवर आपटलो. गुडघे सोलवटले.

"नाटक करत होते मी!" मी खोकत म्हणाले.

"तू हलत नव्हतीस." ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. चांगलं फैलावर घ्यायचं होतं मला, पण माझा दंड ह्यांच्या हातून सुटेना.

डॉक्टर धावत आले. "वहिनी, लागलं का?"

उत्तर ह्यांनी दिलं, मान खाली घालून. "डॉक्टर, तुम्हाला दोरी फेकता येत नाही. कुणालाच येत नाही. आजवर मीच झेलत होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि उद्या तुमची पोरगी माझ्यासमोरून वाहून गेली असती, तर मला काय वाटलं असतं?"

रविवारचं जाणं मी तिथल्या तिथे रद्द केलं.

डॉक्टरांनी ओली दोरी पिशवीत कोंबली आणि काठावर आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

"उतरा पाण्यात," ते ह्यांना म्हणाले. "आणि झेलू नका."