छत्रीमागचा गूळ

खंडूनं काळी छत्री फाडकन उघडली, तशी कस्तुरा मागच्या पायांवर उभी राहिली. त्यानं लगाम ओढला नाही की शिवी हासडली नाही. छत्री तशीच धरून दुसऱ्या हातानं गुळाचा खडा पुढं केला. घोडी थरथरली, फुरफुरली, पण शेवटी मान लांब करून आलीच.

मोशीत लोकांना वाटायचं, गड्याचं डोकं फिरलं. पण खंडूच्या पोटात आग होती. मागच्या जत्रेच्या शर्यतीत तो कस्तुरावर बसून घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळत होता. घोडी पुढं आणि तिच्यामागं बैलगाडा, ही इकडची रीत. शर्यतीतला त्याचा वैरी जयसिंग, त्यानं कडेला उभं राहून मुद्दाम छत्री उघडली. घोडी बुजली, खंडू पडला, पाय कायमचा अधू झाला. पिंपरीच्या कंपनीत ठरलेली नोकरीही त्या पायानं घालवली. वर जयसिंग चारचौघांत म्हणाला, "पावसाचा थेंब पडल्यासारखं वाटलं, राव."

हळूहळू कस्तुरा ट्रकच्या भोंग्याला बुजेना, फडफडत्या ताडपत्रीलाही बुजेना. आणि छत्री उघडली की असेल तिथून गुळासाठी धावत यायची, ती मिटेपर्यंत हलायची नाही. एवढं जमल्यावर खंडूनं तिला विकायला काढलं. वैऱ्याची घोडी आपल्या दावणीला, म्हणून जयसिंग हुरळला आणि घेऊन गेला.

त्या दिवशी खंडूच्या बायकोनं, तानुबाईनं, चूल पेटवली नाही.

"लेकीवानी वाढवली अन् कसायाच्या दारात बांधली," ती म्हणाली.

"जत्रा येऊ दे," खंडू एवढंच बोलला.

जत्रेत जयसिंग मिशीला पीळ देत कस्तुरावर बसला. बैल सुटले, घोडी त्यांच्यापुढं उधळली. खंडूनं बांधावरून छत्री उघडली. कस्तुरानं कान टवकारले आणि भर घाटातून ती बाहेर वळली. बैल बावचळले, गाडा आडवा झाला, शर्यत बुडाली. जयसिंग लगाम ओढून लालबुंद झाला, पण घोडी थांबली ती खंडूपुढंच. माणसं पोट धरून हसली.

"पाऊस लागला व्हय, जयसिंगराव?" खंडूनं विचारलं.

वर्षभर त्यानं हे वाक्य दाताखाली धरलं होतं. जीव कसा गार झाला.

मग तळहाताला ओलं नाक लागलं. कस्तुरा एक हात हुंगून दुसऱ्याकडं वळली, मग सदऱ्याच्या खिशाकडं. खंडूनं खिसा चाचपला. गूळ आणायचं त्याला सुचलंच नव्हतं.

जयसिंग खाली उतरला. त्यानं चाबूक काढला.

"मुक्या जितराबाला मारू नगं," खंडू म्हणाला.

"घोडी माझी हाय."

चाबूक वाजला, पुन्हा वाजला. कस्तुरा जागची हलेना. छत्री अजून उघडीच होती.

खंडूनं ती मिटली.