खिडकीतून काय दिसतं

माणसं सेन्सेईंची, बाकी सगळं माझं. एकोणीस वर्षं आमची वाटणी अशी होती. हिमुरो सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, चित्रांतून सांगायच्या रहस्यकथा रचायचे, त्यातल्या माणसांचे चेहरे आणि हातपाय काढायचे आणि कागद माझ्याकडे सरकवायचे. मग त्या माणसांच्या मागची भिंत, भिंतीवरची ओल, जिना, विजेच्या तारा, पाऊस, प्रेताखालची चटई, हे सगळं मी काढायचे. मासिकात नाव त्यांचं छापून यायचं. माझं शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात: तोकुनागा फुसाए. माझी तक्रार नव्हती. खुनाच्या गोष्टीत आपलं नाव जितकं बारीक तितकं बरं.

मला एक गोष्ट येत नाही, आणि ती आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मला मनानं काही काढता येत नाही. एकदा पाहिलेला दरवाजा दहा वर्षांनी विचारा, कडीकोयंड्यासकट काढून देईन. पण नुसतं ‘एक दरवाजा काढा’ म्हणालात, तर माझा हात कुठल्यातरी खऱ्याच दरवाज्याकडे जातो. ओझ्याच्या घोड्यासारखा आहे तो, माहितीची वाट सोडत नाही.

बाहेरच्यांना सेन्सेई फार सज्जन वाटत. दारू नाही, जुगार नाही, आवाज कधी चढलेला नाही. त्यांची ख्याती संवादांची. घाबरलेली बाई हिमुरोंसारखी कुणालाच लिहिता येत नाही, असं वाचक कळवायचे. कशी येईल? बाकीचे मनानं लिहीत. सेन्सेई गाद्या ठेवायचं भिंतीतलं कपाट रिकामं करत, बायकोला, इकुएला, आत बसवत, बाहेरून दाराला काठी अडकवत आणि समोर वही घेऊन बसत. ती जे बोलेल ते उतरवून घेत. पहिल्या तासाला विनवण्या, दुसऱ्याला शिव्या, आणि तिसऱ्या तासाला माणूस काहीही बोलतं, हे इकुएनंच मला पुढे सांगितलं. वही हातात असली की त्यांना वेळेचं भान राहत नसे. दूध उतू गेलं, फोन वाजून वाजून थांबला, तरी मान वर होत नसे.

हे मला सहा वर्षं माहीत होतं. ती कपाटात असताना बाहेरच्या खोलीत संपादकांना मी चहा दिलेला आहे, वर लोणच्याची बशीही ठेवलेली आहे. याची मला लाज वाटते आणि वाटायलाच हवी.

शेवटी दोन वर्षांपूर्वी, सेन्सेई दाढ काढायला गेले होते त्या सकाळी, मी इकुएची एक पिशवी भरली आणि तिला रेल्वेत बसवून दिलं. ती उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात उतरली. तिथे वाफवलेल्या मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात लागली, आणि एका न्हाव्याच्या दुकानावरची खोली घेतली. सेन्सेईंनी मला एकदाच विचारलं, “फुसाएबाई, तुम्हाला काही बोलली होती का ती?” मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि मला पुढचा कागद दिला.

दर एप्रिलात मी बहिणीकडे जाते म्हणून तीन दिवस रजा घ्यायचे. इकुए भात आणि भाजलेला बांगडा करायची, आम्ही दोघी खिडकीशी बसून जेवायचो. “फुसाएताई, इथलं कपाट मी उघडंच ठेवते,” ती पहिल्या वर्षी म्हणाली होती. दुसऱ्या वर्षी तिनं त्यात गाद्या ठेवल्या होत्या, आणि दारही लावलं होतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

गेल्या शरदात सेन्सेईंनी नवी गोष्ट सुरू केली. एक बाई घरातून पळून जाते, कुठेतरी नाव बदलून राहते, आणि एक माणूस तिला शोधत असतो. पहिल्याच भागात ती बाई खिडकीशी बसलेली होती. मी नेहमीसारखं विचारलं, बाहेर काय दाखवायचं?

“तुम्हीच ठरवा,” ते म्हणाले. “एकोणीस वर्षं मी सांगतोय. आता खिडकी तुमची.”

मी हरखले. म्हातारपणी कुणी कौतुक केलं की माणूस असंच फसतं. मी सार्वजनिक न्हाणीघराचं उंच धुराडं काढलं, वरून तिसऱ्या भागावर पांढरा पट्टा असलेलं. पुढच्या भागात रेल्वेचा पूल काढला, चार पायांतला एक पाय नव्या दगडाचा. धुराडं काढून झाल्यावर मला आठवलं, की ते इकुएच्या खिडकीतून दिसतं. मग मी मनाची समजूत घातली, की देशात धुराडी काय थोडी आहेत? कागद वाळला होता, पानं न्यायला माणूस दारात उभा होता. तो पहिला भाग गेला, त्याच्या मागून आणखी तीन गेले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दीडच्या सुमाराला मासिकाचे संपादक नेगिशी आले. तिशीचा, चळवळ्या माणूस. त्यांच्या काखेत पोस्टकार्डांचा गठ्ठा होता.

“मावशी, तुम्ही प्रसिद्ध झालात.”

“का, मेले का मी?”

“तुमच्या खिडकीनं लोकांना वेड लावलंय. हे बघा.” त्यांनी मासिक उघडून माझ्यासमोर धरलं. मी मासिक कधी वाचत नाही. दिवसभर तळलेलं पुन्हा कोण खातं? त्या पानावर माझी खिडकी मोठी करून छापली होती आणि खाली चौकटीत लिहिलं होतं: ही जागा खरी आहे. कुठे आहे ते कळवा. अचूक उत्तराला हिमुरो सेन्सेईंच्या हातचं मूळ पान, सहीसकट.

“ही कल्पना कुणाची?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“सेन्सेईंचीच. मी म्हटलं, जागा खरी आहे कशावरून? तर म्हणाले, फुसाएबाईंना खोटी जागा काढताच येत नाही.” नेगिशी हसले. “चारला येतो पानं न्यायला. आज ‘अर्धा तास बसा’ म्हणू नका, छापखानेवाले मला खातील.”

“तुम्हाला खाऊन त्यांचं काय पोट भरणार?”

ते हसत गेले. मी का थांबवलं नाही त्यांना? भीतीनं माणूस आधी मुकं होतं, शहाणं नंतर होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, सेन्सेई दाढी करत होते. दाराशी त्यांची प्रवासाची बॅग भरून ठेवलेली होती आणि तिच्यावर रेल्वेचं वेळापत्रक.

नेगिशींनी ठेवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याची दोरी मी सोडली. हात भराभर चालत होते. हे उत्तर चुकीचं, तेही चुकीचं, कुणी दक्षिणेचं बेट कळवलं होतं, कुणी स्वतःच्याच घराची खिडकी. मी देवाचं नाव घेत होते. अर्ध्याच्या वर गेल्यावर ते कार्ड सापडलं. टपोऱ्या, प्रेमळ अक्षरात न्हाव्यानं लिहिलं होतं: ‘ही तर आमच्या माडीवरची खिडकी! वर एक बाई राहतात, फार शांत स्वभावाच्या. त्यांना अजून सांगितलेलं नाही. बक्षीस मिळालं की एकदम चकित करणार आहे.’ खाली पूर्ण पत्ता होता, दुकानाच्या शिक्क्यासकट.

खोलीत ऊबेसाठी रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला होता, वर किटली. मी किटली बाजूला केली, स्टोव्हचं झाकण उचलून कार्ड आत टाकलं आणि झाकण लावलं. किटली परत ठेवायच्या आत सेन्सेई टॉवेलनं मान पुसत आत आले.

“कागद जळल्याचा वास येतोय.”

“शाई सांडली होती. पुसलेला कागद आत टाकला.”

“बरं.” त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कार्डं मी गाडीत बघेन. आधी हे एक पान पुरं करू.”

ते माझ्या आणि दाराच्या मध्ये बसले. समोर कागद ठेवला. एकच मोठी चौकट होती. खिडकीतली बाई त्यांनी आधीच काढली होती. ती इकुए होती. दोन वर्षांनी वयस्क केलेली इकुए, डोळ्यांखालच्या नव्या रेघांसकट. त्यांनी तिला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं आणि रेघा बरोबर होत्या. बाकी कागद कोरा होता.

“या वेळी खिडकी रस्त्यावरून दिसते,” ते म्हणाले. “खाली दुकान आहे. पाटी वाचता आली पाहिजे.”

“सेन्सेई, मला सुचत नाहीये.”

“तुम्हाला कधी सुचलंय? तुम्हाला आठवतं.” ते अगदी मायेनं बोलत होते. “मी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही खोटं बोलला असता. म्हणून तुमच्या हाताला विचारलं. काढा.”

मी भाजीचं दुकान काढायला घेतलं. टोपल्या, मुळे. चार रेघा झाल्या नसतील, त्यांनी खोडरबर उचललं.

“इथे रेघ अडखळली. पुन्हा.”

मी सायकलींचं दुकान काढलं. त्यांनी तेही पुसलं. मग औषधांचं, तेही पुसलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पोराचा धडा तपासावा तसे ते पुसत होते आणि माझा हात थकत चालला होता. कितव्यांदा तरी मी पेन्सिल टेकवली, डोक्यात काहीच नव्हतं, आणि कागदावर एक उभा खांब उतरला, तिरक्या पट्ट्यांचा, न्हाव्याच्या दारात फिरतो तसला. मी पाहिलं तेव्हा तो झालेला होता.

“न्हावी,” सेन्सेई हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. “समुद्राकडचं गाव असणार. एप्रिलात परत येता तेव्हा तुमच्या कोटाला मासळीचा वास असतो. आता फक्त गावाचं नाव राहिलं. न्हाव्याच्या पाटीवर असतंच ते.”

“नाही काढलं तर?”

त्यांनी मागे वळून कपाटाचं दार सरकवलं. आतल्या गाद्या काढलेल्या होत्या. काठी कोपऱ्यात उभी होती.

“मग बसा आत थोडा वेळ. नेगिशींना सांगेन, फुसाएबाई आज लवकर गेल्या. त्यांना चहा मीच देईन.”

मी माझ्या आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही. मला अंधाराची भीती नव्हती, माझीच वाटत होती. तिसऱ्या तासाला मी गावाचं नाव सांगणार, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. इकुए तिकडे कारखान्यातून सुटेल, जिना चढेल, दार वाजेल, आणि ती न्हावीदादा आले असं समजून उघडेल. भिंतीवरच्या घड्याळात चारला वीस मिनिटं होती. वीस मिनिटं त्यांना खिळवून ठेवायला हवं होतं, आणि ते कशानं खिळतात हे मी सहा वर्षं पाहिलेलं होतं.

मी उजवा हात उचलला आणि स्टोव्हच्या तापलेल्या झाकणावर पालथा दाबला.

कसं वाटलं ते लिहीत नाही. ओठ दातांखाली धरले ते फाटले. हात काढून मांडीवर घेतला आणि त्यांच्याकडे पाहत बसले. सेन्सेई अर्धे उठले होते. त्यांची नजर माझ्या हातावर गेली, मग तोंडावर आली, आणि तिथेच राहिली. ते हळूहळू खाली बसले. त्यांनी खिशातून वही काढली.

“हं,” ते म्हणाले. “बोला.”

त्यांची पेन्सिल कागदाला टेकलेली होती. ते माझ्या बोलण्याची वाट पाहत होते, आणि तो माणूस असा वाट पाहायला लागला की रात्र झाली तरी हलत नाही. मी एक शब्द बोलले असते, नुसतं ‘आई गं’ म्हटलं असतं, तरी त्यांचं काम झालं असतं. वही मिटून त्यांनी मला कपाटाकडे नेलं असतं. म्हणून मी बोलले नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दात वाजत होते, अंगाला थंडी भरली होती. ते पुढे झुकले. “आत्ता काय वाटतंय? पहिला शब्द कुठला आला मनात?” त्यांचा आवाज लाडीगोडीचा झाला होता. घड्याळाकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं. किटली शेजारी केव्हाच निवली होती, मी तिच्या दांड्याकडे पाहत राहिले.

दार सरकलं. “मावशी, पानं झाली का? चहा नको, खरंच नको,” म्हणत नेगिशी बूट काढू लागले. सेन्सेईंनी मान वर केली नाही. नेगिशी आत आले आणि त्यांनी माझा हात पाहिला, उघडं कपाट पाहिलं, हातात वही घेऊन बसलेला माणूस पाहिला. मग त्यांनी मला एखाद्या पोत्यासारखं उचललं आणि एका पायात बूट घालून रस्त्यावर पळत आणलं. रस्त्यावर आल्यावर मी ओरडले, सगळी गल्ली गोळा होईपर्यंत ओरडले.

दवाखान्यात पट्टी बांधायच्या आधी मी नर्सकडून मासळीच्या कारखान्यात फोन लावून घेतला. इकुए संध्याकाळच्या आत निघाली. “ताई, मी कुठे जातेय ते,” असं तिनं सुरू केलं, तेव्हा मी तिला गप्प केलं. मी जे पाहिलेलं नाही ते मला काढता येत नाही. न्हाव्याला मात्र मी डाव्या हातानं चार ओळी लिहिल्या. बिचारा चांगला माणूस, त्याचा काय दोष?

उजव्या हाताची तीन बोटं आता वाकत नाहीत. वही पोलिसांकडे आहे. तिच्यात इकुएची सहा वर्षं आहेत, आणि आता ती वर्षं तिच्याच बाजूनं बोलतील. नेगिशी जबानी द्यायला गेले तेव्हा पोलिसांनी त्यांना शेवटचं पान दाखवलं, आणि त्यांनी मला येऊन सांगितलं. वर तारीख आहे, तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं ही वेळ आहे. खाली संवाद लिहायला घ्यावा तसं माझं नाव लिहिलंय, नावापुढे दोन टिंबं दिली आहेत, आणि पुढे पान कोरं आहे.