वीस दिवस आधी कापलेली ज्वारी

मी एक जुना विळा आहे, मित्रांनो, आणि माझ्या पात्यावर माणसाचे रक्त वाळले आहे. बोलायची मला सवय नाही. सांगताना कोणावर अन्याय झाला, तर तो माझा दोष समजा.

माझा जन्म जुन्या जालन्यातला. पाशामियाँ लोहारांनी मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा भट्टीत लाल केला आणि घणाखाली इतका बडवला की मी वाकलो. पिंपळगाव रेणुकाईच्या केशरबाईंनी बोटाने धार पाहून मला निवडले. चौदा वर्षे मी त्यांच्या हातात होतो. एकदा त्यांच्याच पोटरीत घुसलो. जखमेत हळद भरून दुसऱ्या दिवशी त्या मलाच घेऊन शेतात आल्या.

यंदा त्यांनी गावातल्या भिवाभाऊंच्या दोन एकरांत बटईने ज्वारी केली होती. जमीन भिवाभाऊंची, कष्ट केशरबाईंचे, पीक निम्मे-निम्मे. कागद नव्हता. निम्म्या दाण्यावर घर आणि निम्म्या कडब्यावर म्हैस वर्षभर जगणार होती. कणसांत दूध भरले होते. दाणा पक्का व्हायला वीस दिवस हवे होते.

तेवढ्यात कापणीचे यंत्र बांधावर आले. हिरवी ताटे कुजवून गॅस करणाऱ्या कारखान्याचे होते ते.

"भिवाभाऊ, माझी ज्वारी कुणीकडं चालवली?"

"कारखान्याला दिली. तुझा निम्मा पैसा बराबर मिळंल. पाखरं राखायचा ताप बी गेला."

"पैसा म्हशीम्होरं टाकू का?"

"कडबा इकत घे! समदं गाव देऊन राह्यलं, तुझंच काय नवाल?"

"समद्या गावानं दिल्यावर इकायला ठिवला कुणी?"

भिवाभाऊंनी यंत्र चालवणाऱ्या हाशिमला सुरू करायला हात केला. केशरबाई यंत्रासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातातच होतो.

"अम्मा, बाजू हो! पातं दिसंना का?" हाशिम ओरडला.

भिवाभाऊंनी त्यांना झिंज्या धरून ओढले, पालथे पाडले, कमरेत लाथा घातल्या. कपाळ बांधाच्या दगडावर फुटले. डोळ्यांत रक्त उतरले. पुन्हा लाथ उचललेली दिसताच केशरबाईंनी मला फिरवले. भिवाभाऊंनी हात आडवा घातला. मित्रांनो, बोटाचे हाड ज्वारीच्या ताटासारखेच तुटते. दोन बोटे सरीत पडली.

हाशिमने यंत्र बंद करून आपला रुमाल त्या हाताला करकचून बांधला. पण सौदा झाला होता. केशरबाई कोठडीत आणि भिवाभाऊ दवाखान्यात असताना दोन्ही एकर कापले गेले. म्हैस वैरणीवाचून बाजारात गेली. मला पोलिसांनी चिठ्ठी बांधून फडताळात टाकले. तेथे मी गंजत राहिलो.

खटल्यात सरकारी वकिलांनी मला भिवाभाऊंसमोर धरले. त्यांनी तीन बोटांच्या हाताने मला चाचपले.

"ह्योच इळा. पण पहिला हात म्या उचलला, साहेब. वीस दिवस थांबलो असतो, तं..."

"मंग थांबायचं होतं की, भाऊ," आरोपीच्या जागेवरून केशरबाई म्हणाल्या.

मित्रांनो, गॅस नको असे मी कसे म्हणू? चुलीच्या धुराने केशरबाईंचे डोळे गळताना मी पाहिले आहेत. पण ज्या शेतात कुणाची भाकर उभी आहे, तेथे यंत्र नेण्याआधी पेरणाऱ्याला विचारा. त्याला विचारले नाही, तर शेवटी माझ्यासारख्याला विचारले जाते, आणि मला कापण्यावाचून दुसरे उत्तर येत नाही.