अकरा मीटरवरचा चिखल

जिवाणूशास्त्र विभागात बाई नाकावर कधी माशी बसू देत नसत. तीस वर्षं त्यांनी माती उकरली होती. शेतातली, जंगलातली, डोंगरमाथ्यावरची, लोकांच्या परसातली. तिच्यातून नऊ नवे जिवाणू शोधून त्यांनी त्यांना नावं दिली होती. कुठला जिवाणू कुणाच्या कुळातला, कुणाचा सख्खा आणि कुणाचा चुलत, हे ठरवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या सख्ख्या भावाला मात्र त्या वर्षातून एकदा फोन करत, तोही त्याच्या वाढदिवसाला, आणि तोही संध्याकाळी आठवला तर.

निवृत्तीला दोन-तीन महिने उरले तशी शीतखोली रिकामी करायला घेतली. बाईंच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीला अगदी मागच्या फळीवर कॉफीची एक जुनी बाटली सापडली. आत काळा चिखल. बाहेर निळ्या ऑइलपेंटने काहीतरी लिहिलेलं, पण बरंचसं उडालेलं. 'इथे पाणी गार लागतं' एवढंच वाचता येत होतं.

"मॅडम, हे कुणाचं?"

"माझ्या भावाचं," बाई म्हणाल्या. "वीस वर्षं झाली. टाकून दे."

पोरगी आगाऊ होती, हे बरंच झालं म्हणायचं. तिने बाटली टाकली नाही. समुद्राचं पाणी आणून, गाळून तिने त्यात जिवाणूंच्या वाढीचं मीडियम बनवलं, प्लेटींवर तो चिखल पसरला आणि चाळीस दिवस त्या प्लेटींना हात लावला नाही. एकेचाळिसाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके दिसले. जनुकं वाचून आली तेव्हा पोरगी धावतच बाईंच्या खोलीत शिरली. नुसता नवा जिवाणू नव्हता, अख्खं नवं घराणं होतं. बाईंच्या नऊच्या नऊ जिवाणूंत असा एकही नव्हता.

"वीस वर्षांपूर्वी हे सापडणं शक्यच नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "तेव्हा हे तंत्र कुठे होतं?"

बाईंच्या मनात वेगळंच आलं. मीठ वीस वर्षांपूर्वीही मिळत होतं, आणि समुद्र तेव्हाही बसने पाऊण तासावरच होता.

तेव्हा भाऊ बंदरात पाणबुड्या होता. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचं त्याचं काम. लहानपणापासून पाण्यातच, म्हणून घरात सगळे त्याला पाणकोंबडा म्हणत. शाळा आठवीतच सुटलेली. पण ताई मातीतून नवे जीव शोधते हे ऐकल्यापासून त्याला चैन पडेना. "ताई, समुद्राखालीही मातीच असते की," तो म्हणाला, आणि दर महिन्याला एक बाटली आणू लागला. बाटली उकळून घ्यायची, तळाशी जाऊन भरायची, बर्फात ठेवायची आणि दोन बस बदलून आणून द्यायची. प्रत्येकीवर तारीख, पाण्याची खोली आणि वर स्वतःचा शेरा. 'इथे मासा फिरकत नाही.' 'इथे अंगाला मुंग्या येतात.' बाई बाटली घेत, हसत आणि मागच्या फळीवर ठेवून देत.

"काही निघालं का गं?" असं त्याने पाचव्यांदा विचारलं तेव्हा बाई वैतागल्या. मातीच्या कामातल्या काही प्लेटी उरल्या होत्या. त्यांत मीठ नव्हतं. समुद्राच्या चिखलासाठी वेगळं मीडियम करावं लागतं, त्यात दोन दिवस जातात, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. पण भावाच्या हौसेपायी दोन दिवस कोण घालवणार? त्यांनी त्याच प्लेटींवर चिखल फासला, सात दिवसांनी बघितलं आणि प्लेटी धुवायला टाकल्या. त्याच आठवड्यात भावाकडे जेवायला गेल्या असताना, त्याच्या बायकोपोरांसमोर त्या म्हणाल्या, "पाणकोंबड्या, तुझ्या चिखलात काही नाही रे. नुसता चिखल!" सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर बाटली आली नाही. आधीच्या बाटल्या बाईंनी पुढे जागा हवी म्हणून फेकून दिल्या. ही एकच कशी कोण जाणे राहून गेली.

आता नवा जिवाणू जगापुढे मांडायचा तर तो कुठे आणि किती खोलीवर मिळाला ते लिहायला हवं. ते भावालाच माहीत. शिवाय जिवाणूला त्याचंच नाव द्यायचं बाईंनी ठरवलं होतं. बसमध्ये बसून त्यांनी पोरीचं ते वाक्य मनात चार वेळा घोळवलं. तेव्हा तंत्र नव्हतं. कुणीही विश्वास ठेवला असता.

भाऊ आता थकला होता. पाण्याच्या दाबाने डावा कान पार गेला होता. बाईंनी फोनवर बाटलीचा आणि नारिंगी ठिपक्यांचा फोटो दाखवला, तसा त्याने चष्मा शोधला.

"हे माझ्या चिखलातलं?"

"तुझ्याच."

"मग तेव्हा कसं नाही निघालं गं?"

"तेव्हा तंत्र नव्हतं रे," बाई म्हणाल्या. अगदी सहज निघालं तोंडातून.

त्याने स्वयंपाकघराकडे वळून बायकोला हाक मारली. "ऐकलंस का? तेव्हा मशीनच नव्हतं!" मग तो बाईंकडे वळला. "वीस वर्षं हिला सांगतोय, ताई. ही म्हणायची, ताईंनी नीट बघितलंच नसेल. मी म्हटलं, आमची ताई हातात घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही."

भावजय ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तिने बाईंकडे बघितलं.

भावाने कपाटातून वही काढली. सगळ्या बाटल्यांची नोंद होती तिच्यात. पानं उलटताना तो म्हणाला, "तू जेवायला आली होतीस त्या आठवड्यात आणखी सहा भरून ठेवल्या होत्या. बाहेरच्या खडकाखालच्या, अठरा मीटरवरच्या. तू म्हणालीस चिखलात काही नाही, मग दिल्या धक्क्यावरून ओतून. आता तिथे सगळा भराव टाकलाय."

"मी मीठ घातलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

भाऊ वहीच चाळत राहिला. वही घेऊन तो बसला तेव्हा बाई त्याच्या डाव्या बाजूला आल्या होत्या. त्याला ऐकूच गेलं नव्हतं. भावजयीला मात्र गेलं होतं. ती तशीच उभी होती. बाईंना तिथेच गप्प बसता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्या बसल्याही. मग उठून त्याच्या उजवीकडे गेल्या.

"पाणकोंबड्या, मी मीठ घातलं नव्हतं. मातीच्या उरलेल्या प्लेटी होत्या, त्याच वापरल्या. तंत्रबिंत्र काही नाही. मी खोटं बोलले."

"समुद्राच्या चिखलाला मीठ नाही?"

"नाही."

"तुला ठाऊक नव्हतं?"

"पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं."

त्याने वहीत 'इथे पाणी गार लागतं' या नोंदीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "लिहून घे. जुन्या धक्क्याचा तिसरा खांब. अकरा मीटर." बाईंनी लिहून घेतलं.

"नाव तुझं देतेय त्याला," त्या म्हणाल्या.

"माझं नको. धक्क्याचं दे. तो तरी आता कुठे राहिलाय."

एरवी तो बसपर्यंत सोडायला यायचा. त्या दिवशी भावजय आली.

नव्या जिवाणूचं वर्णन ठरलेल्या साच्यात लिहितात. रंग, आकार, किती उष्णता सोसतो, किती मीठ लागतं. पोरीने सगळे आकडे भरले होते. बाईंनी शेवटी स्वतः एक ओळ घातली : मिठाशिवाय अजिबात वाढत नाही.

"मॅडम, हे आकड्यांत आलंय की," पोरगी म्हणाली.

"असू दे."

लेख छापून आला तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी एक प्रत भावाला पाठवली. आठवड्याने भावजयीचा फोन आला.

"शेजारच्या मुलीकडून सगळं वाचून घेतलं त्यांनी. मिठाच्या ओळीखाली रेघ मारून ठेवलीय."

"काही म्हणाला?"

"म्हणाले, त्या सहा बाटल्यांत काय होतं कोण जाणे."