फिल्टरचं तेलवण

धनाजीच्या ट्रकचा आणि पसरणी घाटाचा उभा दावा होता. वाईपर्यंत गाडी गुमान यायची आणि घाट लागला की अंग टाकायची. पाचगणीच्या शाळांचा शिधा भरलेला असला की पहिल्या गिअरमध्ये कण्हत-कुंथत चढायची. मागचा एस.टी.चा ड्रायव्हर भोंगा वाजवून दमायचा आणि पुढं निघून गेला की खिडकीतून हात काढून, उतरून ढकल, असं खुणावायचा. स्वतःला कुणी काही बोललं तर धनाजी कानाआड टाकायचा, पण गाडीला नावं ठेवलेली त्याला खपत नसत.

गाडी घरची असली तरी शब्द थोरल्या भावाचा, नाथाजीचा चालायचा. नाथाजी फौजेत हवालदार, तोही गाड्यांच्याच तुकडीत. एकाहत्तरची लढाई बघून आलेल्या माणसापुढं घरात कोण तोंड उघडणार? मागच्या सुट्टीत त्यानं सांगून टाकलं होतं, की गाडीला घाट ओढवत नसेल तर दसऱ्याला आलो की विकून टाकू, आणि धनाजीनं उसाकडं बघावं. उसात तो नाथाजीचा धाकटा भाऊ होता. गाडीवर मात्र तो धनाजी होता, वाईच्या बाजारात माणसं त्याला नावानं हाक मारायची. गाडी गेली की ते नावही जाणार होतं.

म्हणून हळदीचा माल घेऊन सांगलीला गेला तेव्हा त्यानं गाडी थेट विश्रामबागेच्या पलीकडं गुंडा मिस्त्रीच्या शेडमध्ये घातली. इंजिन बदलायची ऐपत नाही, पण बाहेरून काही जोडून ताकद वाढत असेल तर बघ, म्हणाला. गुंडा मिस्त्रीनं पोत्याखालून एकेक वस्तू काढली. लष्कराच्या भंगारात निघालेल्या मोठ्या गाडीचा एअर फिल्टर होता, चांगला कळशीएवढा. सायलेन्सरच्या जागी बसवायची रुंद, सरळ नळी होती. आणि एक टर्बो होता, धरणाच्या कामावरच्या परदेशी यंत्राचा, लोखंडी गोगलगाय दिसावी तसा.

धनाजीचा जीव त्या गोगलगायीवर जडला. नळीतून जाणाऱ्या धुरावरच ती फिरते आणि इंजिनात हवा कोंबते, हे ऐकून तर त्याला ती उचलून घरी न्यावीशी वाटली. मिस्त्रीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. तुझ्या इंजिनाचं हेड हा दाब सोसायचं नाही, घाटातच गॅस्केट उडेल, असं त्यानं समजावलं. त्यापेक्षा फिल्टर आणि नळी घे, इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की पंपातून डिझेल थोडं वाढवून देतो. धनाजीनं मन मारून ऐकलं. फिल्टरच्या तळाशी तेल असतं, हवेतली धूळ त्यात बसते, तेल मात्र रेघेच्या वर जाता कामा नये, हे मिस्त्रीनं दोनदा बजावलं.

आणि खरंच, गाडी बदलली. घाटात दुसरा गिअर पडला, वळण सोडलं की तिसराही पडायला लागला. एकदा तर त्यानं एस.टी.ला मागं टाकलं आणि त्या ड्रायव्हरकडं अगदी सभ्यपणानं बघितलं. दसऱ्याच्या आधी नाथाजी आला तेव्हा धनाजीनं त्याला भरल्या गाडीतून पाचगणीला नेऊन आणलं. नाथाजी सगळा घाट दाराची कडी धरून बसला होता. उतरल्यावर, बरी ओढती, एवढंच म्हणाला. धनाजीला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातली अवजारं, कोयते, नांगर, सगळं धुऊन पूजेला मांडायचा दिवस. धनाजीनं पहाटेच गाडी धुतली, बॉनेट उघडलं, फिल्टर पुसून त्यात रेघेपर्यंत ताजं तेल घातलं आणि झाकण उन्हाला ठेवून तो विहिरीवर अंघोळीला गेला. परत आला तेव्हा पूजा उरकली होती. फिल्टरला झाकण बसलं होतं, वर झेंडूची माळ होती. चला, काम वाचलं, म्हणत तो केबिनमध्ये चढला. पूजा झाली की इंजिन सुरू करून दाखवायचं, हा त्याचा हौसेचा भाग.

इंजिन सुरू झालं आणि चार क्षण गुरगुरून एकदम चढायला लागलं. धनाजीचा पाय पेडलवर नव्हताच. त्यानं वाकून बघितलं, पेडल वर होतं. आवाज चढतच होता. त्यानं डिझेल तोडून इंजिन बंद करायची दांडी ओढली, काही झालं नाही. पुन्हा ओढली तर तिची तार तुटून हातात आली. पांढऱ्या-निळ्या धुरानं अंगण भरलं, बायका किंचाळत पडवीत पळाल्या. आपल्या हाताखालची, आपण रोज पुसलेली गाडी आपल्याला ओळखत नाही, असं धनाजीला वाटलं. एवढा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. तेवढ्यात काहीतरी ताडकन तुटलं. इंजिनाच्या पंख्याचं पातं उघड्या बॉनेटमधून सुटलं आणि गोठ्याच्या पत्र्यात जाऊन रुतलं. पत्र्याला टेकून त्याची आई बायडाबाई हात जोडून उभी होती. पातं तिच्या कानाजवळ रुतलं होतं.

धनाजीनं उडी टाकली. डिझेल तोडून थांबत नाही म्हणजे हे दुसरंच काही खातंय, पण श्वास तर घेत असेल. गाडी पुसलेलं ओलं गोणपाट पडलं होतं, ते त्यानं फिल्टरच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर दाबलं आणि वर छातीनं रेटा दिला. इंजिन घुसमटलं, सगळी गाडी हादरली आणि थांबली.

फिल्टरच्या सांध्यातून तेल गळत होतं. पिवळं. त्यात हळद होती.

नाथाजीची बायको चंद्राबाई रडत सगळं सांगून बसली. धनाजी सकाळी फिल्टरमध्ये तेल घालताना सासूबाईंनी बघितलं होतं. त्या म्हणाल्या, घरात नवा आलाय, त्याचं तेलवण करू. मग पाच सवाशिणींनी, लग्नात नवरदेवाला लावावं तसं, हळद कालवलेलं घाण्याचं तेल पळी-पळी घातलं. कुणी एक पळी, कुणी मानाची म्हणून दुसरी. आणि झाकण? झाकण ह्यांनीच आवळलं, ती म्हणाली आणि नवऱ्याकडं बघून गप्प झाली.

रेघेवर गेलेलं तेल इंजिनानं डिझेलसारखं ओढून घेतलं, हे धनाजीला कळलं, पण झाकणाचं आधी कळलंच नाही. मग तो भावाकडं वळला. फौजेत वीस वर्षं गाड्या हाताळलेला माणूस तिथं उभा राहून बघत होता?

“दादा, तुमाला ठावं हुतं की.”

नाथाजी त्या पत्र्यातल्या पात्याकडं बघत होता.

“ठावं हुतं,” तो म्हणाला. “वाटलं, जरा धूर मारंल, आई भिऊन म्हणंल, इका ही गाडी. काल घाटात बसलो आन् माझा जीव ऱ्हाईना. असल्या गाड्या दरीत गेल्याली बघितल्यात मी, धना. न ओढणारी हुती तवा निदान सावकाश तरी जायचास.”

म्हणजे घाट ओढत नाही हे नुसतं निमित्त होतं. ओढायला लागली, तरी ती जाणारच होती.

बायडाबाई पत्र्यापासून अजून हललेली नव्हती. तिथूनच ती म्हणाली, “नाथा, मला नुसतं बोलायचंस की रं. माझाबी जीव टांगणीलाच असतोय. मी इका म्हणलं असतं.”

धनाजीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. त्याच्या छातीवर तेलाचा पिवळा डाग पडला होता आणि धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, की नुसत्या धुरानं नव्हे, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“आन् मला?” तो म्हणाला. “मला कोण इचारणार हुतं?”

नाथाजी खाली बघत होता, आईनंही पदर तोंडाला लावला. मग नाथाजीच म्हणाला, “इचारतो. काय करायचं, तू सांग.”

धनाजी पत्र्यापाशी गेला. आईला हाताला धरून त्यानं पडवीत नेऊन बसवलं, परत आला आणि रुतलेलं पातं दोन्ही हातांनी हलवून हलवून उपसून काढलं. ते अजून गरम होतं.

“इकायची का न्हाई ते मी सांगीन,” तो म्हणाला. “आदी ह्ये तेल काडा. तुमी आवळलंय झाकण, तुमीच उघडा.”

नाथाजीनं बाह्या मागं सारल्या आणि वाकला.