खानदानी रक्ताची परीक्षा

खासगी बाजारातल्या जयसिंहरावांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. संस्थान विलीन झालं, जहागिरी गेल्या, आता कचेऱ्याही भोपाळला निघाल्या होत्या. मागे उरलं काय, तर रक्त! तेच तपासायला साधूबाबा आले, म्हणून लष्कर पेठेतली जुनी शिलेदार घराणी बोटं पुढे करून बसली होती.

"देखो भई," बाबा गरजले, "खानदानी खून डूबेगा, बाटलेलं रक्त तैरेगा!"

बोटाला सुई टोचायची, थेंब पाण्याच्या पेल्यात सोडायचा. रघुनाथरावांचा थेंब बुडाला, शिवाजीरावांचा बुडाला. ज्याचा बुडे तो मिशांना पीळ देई. आपल्याला मिळालेल्या शाबासकीची शहानिशा करतो कोण?

तरंगलं होतं ते एकीचंच, या घरच्या सुनेचं. वनमाला माझी मावसबहीण. बाळंत झाल्यापासून तिला घेरी यायची, दम लागायचा. मागच्या खेपेला बाबांनी निदान केलं, "हिच्या रक्तामुळे घरची लक्ष्मी चालली." तेव्हापासून ती माडीवरच्या खोलीत होती, दाराला बाहेरून कडी आणि कुलूप. तान्ह्याला वरचं दूध. उद्या तिला माहेरी धाडायचं होतं, बाळ इथेच ठेवून.

माझा दवाखाना पडाव भागात. निरोप मिळताच मी पेटी घेऊन आले आणि आधी माडी गाठली. दाराच्या फटीतून तिची बोटं बाहेर आली.

"शालूताई, बाळ रडतंय. इथे सगळं ऐकू येतं गं."

"मी काढते तुला बाहेर."

"कशी काढशील? रक्त खरंच तरंगलं माझं. मी स्वतः पाहिलं."

मला रडू फुटायचं बाकी होतं. कडीपेक्षा हे भयंकर, तिचं तिलाच पटलं होतं! नखं मात्र पांढरीफटक. फटीतूनच मी तिच्या बोटाचं रक्त घेतलं, नळीत आम्ल आणि पाणी घालून त्याचा रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळवला. निरोगी बाईच्या निम्मंही हिमोग्लोबिन नव्हतं.

खाली आले. बाबांपाशी एक चांदीची झारी होती आणि एक कमंडलू. सगळ्यांचे पेले झारीतून भरत होते. कमंडलूच्या तोंडाला पांढरी खपली धरली होती. मला शंका आली.

"आबासाहेब," मी जयसिंहरावांना विचारलं, "वनमालाचा पेला कशातून भरला होता?"

"कमंडलूतून. दोषी माणसासाठी ते खास तीर्थ आहे. बाबांची बात पक्की असते, डॉक्टरीणबाई."

"मग त्यातच तुमचंही रक्त पाहू या. की भीती वाटते?"

"भीती? आम्हाला?" त्यांनी बोट पुढे केलं.

"तीर्थ को मत छुओ!" बाबा किंचाळले. पण शिलेदाराला डिवचल्यावर तो थांबतो थोडाच! मी कमंडलूतून पेला भरला, सुई टोचली.

जयसिंहरावांचा थेंब तरंगला. लाल चकती होऊन पाण्यावर पसरला.

जयसिंहरावांचा चेहरा उतरला. त्या क्षणी तेही तिच्यासारखेच कोंडले गेले होते. एक तर त्यांचं कुळ खोटं, नाही तर बाबा खोटा.

मी कमंडलूतूनच दुसरा पेला भरून त्यांच्या हातात दिला. "चाखा."

त्यांनी घोट घेतला आणि थुंकला. "मीठ!"

"मीठ विरघळलं की पाणी जड होतं, त्यावर रक्त तरंगतं. साध्या पाण्यात कुणाचंही बुडतं, तुमचं, माझं, टांगेवाल्याचं. रक्ताला कूळ ठाऊक नसतं, आबासाहेब. त्यात लोह किती, साखर किती, हिवतापाचे जंतू आहेत का, एवढं ते खरंखरं सांगतं. वनमालाचं रक्त सांगतंय की तिला लोह हवं, पोटभर जेवण हवं आणि तिचं बाळ हवं."

बाबा कमंडलू तिथेच टाकून दाराकडे सटकले. शिवाजीरावांनी त्यांचं मानगूट धरलं.

जयसिंहराव किल्ली घेऊन उठले. माडीच्या पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं आणि हळूच म्हणाले, "माझं तरंगलं हे बाहेर बोलू नका. लोक काय म्हणतील?"

"ती इतके दिवस हेच सोसतेय," मी म्हटलं.

त्यांची मान खाली गेली. त्यांनी कुलूप काढलं, बाळ आणवून स्वतः तिच्या ओटीत ठेवलं.

वाचणाऱ्यांनो, कुणी तुमच्या रक्ताची परीक्षा घेऊ लागला, तर ती जरूर द्या. फक्त आधी ते पाणी चाखून बघा.